जलपर्णी, शेवाळ की नेचा?

तळ्याकाठी किंवा भातखाचराच्या बांधावर चार माणसं उभी राहिली की प्रश्न ठरलेला : पाण्यावर हे हिरवं पसरलंय ते काय? कोणी म्हणतं जलपर्णी, कोणी म्हणतं शेवाळ. गोठा सांभाळणाऱ्याला तो अझोला वाटतो. बोट सगळ्यांचं एकाच थराकडे असतं. यातली पहिली दोन नावं तर धड एकेका वनस्पतीची नावंच नाहीत. वर्तमानपत्रात जलपर्णी म्हटलं की बहुधा फुगीर देठांची, जांभळट फुलांची, मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती अभिप्रेत असते. पुण्याच्या मुळा-मुठेला आणि कोल्हापूरच्या पंचगंगेला वेढणारी ती हीच. पण पाण्यावर तरंगणाऱ्या इतर वनस्पतींनाही लोक सर्रास तेच म्हणतात. शेवाळ हा शब्द विहिरीतल्या हिरव्या तंतूंपासून पावसाळी भिंतीवरच्या मखमलीपर्यंत कशालाही चालतो.

या गर्दीत नेचे हरवतात. नेचा म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते आंबोली-महाबळेश्वरच्या ओल्या दरडीवरचं नक्षीदार पान. नेचा पाण्यावर तरंगतो, चिखलात रांगतो, खाडीच्या खाऱ्या पाण्यात पुरुषभर उंच वाढतो, हे सहसा लक्षात येत नाही. अशा पाणथळ नेच्यांचीच ओळख इथे करून घ्यायची आहे, आणि नाव चुकलं तर काय होतं तेही बघायचं आहे.

१. फूल नाही, बी नाही

नेच्याला फूल येत नाही, म्हणून फळ नाही आणि बीही नाही. पहिली कसोटी इथेच हाती लागते. एखाद्या रोपावर फूल किंवा शेंग दिसली, की तो नेचा नव्हे. पुढे तपासायचं कारण नाही. नर्सरीत ‘ॲस्परॅगस फर्न’ या नावाने मिळणारी झुबकेदार वनस्पती या कसोटीवर लगेच बाद होते. तिला बारीक पांढरी फुलं आणि लाल फळं धरतात, कारण ती आपल्या शतावरीच्या कुळातली आहे.

फूल दिसलं नाही म्हणून तो नेचाच, असं मात्र म्हणता येत नाही. कदाचित फुलायचा हंगाम नसेल. अशा वेळी पान उलटं करून बघावं. बहुतेक नेच्यांच्या पानामागे तपकिरी ठिपके, रेषा किंवा कडेला किनार दिसते. पुष्कळांना ती कीड किंवा तांबेरा वाटते, पण त्या असतात बीजाणूंच्या पिशव्या. बीजाणू म्हणजे डोळ्यांना एकेकटा न दिसणारा, धुळीसारखा कण. तो ओल्या जागी पडला की त्यातून लगेच नेचा उगवत नाही. आधी काही मिलिमीटरची एक हिरवी चकती तयार होते. तिच्यावर नर आणि मादी पेशी असतात. नर पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादी पेशीपर्यंत पोचते आणि त्या मीलनातून आपल्या ओळखीचा नेचा वर येतो. म्हणजे कातळावरच्या नेच्यालाही आयुष्यात एकदा तरी पाणी लागतंच.

तिसरी खूण कोवळ्या पानाची. बहुतेक नेच्यांचं नवं पान टोकाकडून आत गुंडाळलेलं असतं आणि उलगडत मोठं होतं.

या तीन खुणांवर दरडीवरचे नेचे सहज ओळखता येतात. पाण्यातले नेचे मात्र दुसऱ्या खुणेला वारंवार दगा देतात.

२. खाडीतला नेचा

सुरुवात सोप्यापासून करू. कोकणात आणि गोव्यात खाडीकाठच्या कांदळवनात, चिखल जरा उंचावतो तिथे, जाड चामड्यासारख्या पिसाकृती पानांचे मोठे झुबके दिसतात. लांबून कोणाला ते सायकसचं झाड वाटतं, कोणाला माडाचं पोर. जवळ गेलं की काही पानांच्या फक्त टोकाकडच्या पर्णिकाच खालून विटकरी रंगाच्या दिसतात, खरवडून शेंदूर फासल्यासारख्या. तो रंग बीजाणूंच्या पिशव्यांचा. इथे त्या ठिपक्याठिपक्यांनी येत नाहीत, पर्णिकेची सगळी खालची बाजू व्यापतात. नेच्याचं नाव ॲक्रोस्टिकम ऑरियम. मिठाचं पाणी सोसणारे नेचे जगात अगदी मोजके, आणि त्यातला हा आपल्या खाड्यांत आहे.

त्याच चिखलात काटेरी कडांच्या पानांची मारांडीही असते. तिला निळसर फुलं येतात, तेव्हा पहिल्या कसोटीवरच ती वेगळी निघते.

३. खाचरातला नेचा आणि मत्स्यालयातला गोंधळ

भातखाचरं, ओहोळांचे संथ कोपरे, डबकी अशा ठिकाणी सेरॅटोप्टेरिस नावाचा एक मऊ, रसरशीत नेचा वाढतो. पावसाळ्यात येतो, पाणी आटलं की संपतो. पान उलटं केलं तर ठिपके नाहीत. इथेच नवखा माणूस फसतो. या नेच्याची पानं दोन तऱ्हांची असतात. रुंद, पसरट पानं नुसती वाढीची. दुसरी बारीक चिरलेली, जवळजवळ दोऱ्यांसारखी, आणि त्यांच्या कडा आत वळलेल्या. ती वळलेली कड नखाने हलकेच उलगडली की आत बीजाणूंच्या पिशव्या सापडतात. शिवाय पानांच्या खाचांमध्ये इवली रोपं फुटलेली दिसतात. पान मोडून पाण्यात पडलं की ती स्वतंत्र जगू लागतात.

हाच नेचा मत्स्यालयाच्या दुकानात ‘वॉटर स्प्राइट’ म्हणून विकला जातो. शेजारच्या पिशवीत ‘वॉटर विस्टेरिया’ असते, आणि दोघांची अदलाबदल नेहमीची. पाण्याखालची पानं दोघांचीही बारीक चिरलेली, त्यामुळे दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. घरी आणल्यावर एवढंच बघायचं : पानं कुठून निघतात? सगळी एकाच बुंध्याच्या गड्ड्यातून निघत असतील तर नेचा. उभी दांडी असेल, तिला पेरं असतील आणि प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पानं असतील, तर ती विस्टेरिया. ती सपुष्प वनस्पती आहे. पाण्याबाहेर वाढू दिली तर फुलते.

४. तीन पानं आणि चार पानं

आता सगळ्यात मजेदार नेचा. खाचराच्या चिखलात, तळ्याच्या काठच्या उथळ पाण्यात लांब देठावर चार पर्णिका मांडलेलं एक पान दिसतं. पाणी खोल असलं तर ते तरंगतं, ओसरलं तर ताठ उभं राहतं. बघणारे म्हणतात, ही आंबुटीच, फक्त पाणी पिऊन माजलेली. हा मार्सिलिया. दोघं शेजारी ठेवून बघू.

आंबुटीच्या पानाला पर्णिका तीन, प्रत्येकीच्या टोकाला खाच, म्हणून बदामाच्या आकाराची. मार्सिलियाला चार, आणि त्या पाचरीसारख्या, बाहेरची कड गोल. आंबुटीला पिवळं फूल आणि उभी शेंग. मार्सिलियाला दोन्ही नाही. आंबुटी चवीला आंबट. पण कुठल्याही डबक्यातलं पान तोंडात घालून ही कसोटी लावू नये. रात्री दोघींचीही पानं मिटतात, म्हणून तो पुरावा धरता येत नाही. खात्री हवी असेल तर कोवळं पान शोधा. मार्सिलियाचं कोवळं पान गुंडाळलेलं असतं, आणि नेच्याची ती खूण इथे पक्की टिकते.

बीजाणू कुठे असतात? पानामागे मुळीच नाहीत. देठाच्या बुडाशी, चिखलालगत, छोट्या वालाएवढे टणक तपकिरी दाणे धरतात, त्यांच्यात. खाचर सुकलं, जमिनीला भेगा पडल्या, तरी हे दाणे वर्षानुवर्षं टिकतात. कवच कुठे खरवडलं जाऊन पाणी आत शिरलं की दाणा उकलतो आणि आतून जेलीसारखी दोरी बाहेर येते. बीजाणूंच्या पिशव्या तिच्यावर लगडलेल्या असतात.

या वनस्पतीचं वर्णन जुन्या वैद्यकात फार नेमकं आलं आहे. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ निघंटूत सुनिषण्णक नावाच्या भाजीबद्दल सांगितलंय की पान चांगेरीसारखं, म्हणजे आंबुटीसारखं, पण चार दलांचं, आणि ती पाणथळ जागी होते. आजचं ओळख-पुस्तक तरी याहून वेगळं काय सांगणार? जवळच्या परिचित वनस्पतीशी तुलना, मग फरक, मग जागा. अडचण पुढे आहे. त्याच ठिकाणी सुनिषण्णकाचं पर्यायी नाव म्हणून शितिवार दिलं आहे. आणि मराठीत शितिवार म्हणजे कुर्डू, पावसाळ्यात जिची कोवळी भाजी आपण खातो आणि नंतर जिचे पांढरट-गुलाबी तुरे माळभर डोलतात ती. ती माळावरची सपुष्प वनस्पती, हा चिखलातला नेचा. नाव एक.

अशा वेळी कोणाचं खरं मानायचं? एक उदाहरण सोडवून पाहू. चरकसंहितेत लघवीच्या त्रासावर शितिवाराचं बी ताकातून घ्यायला सांगितलं आहे. बी म्हटलंय. नेच्याला बी नसतं, कुर्डूला काळं, चकचकीत, भरपूर बी येतं. तेव्हा इथे कुर्डूचं पारडं जड. पण निकाल लावायची घाई नको, कारण मार्सिलियाचे ते टणक दाणे पाहून कोणी त्यांनाही बी म्हटलं असेल, हे शक्य आहे. इतकं मात्र नक्की की नुसतं ‘शितिवार’ म्हणून कोणाला काडी-मुळीच्या दुकानात पाठवलं, तर तो काय घेऊन येईल ते सांगता यायचं नाही.

आणि ओळख बरोबर असली तरी काम संपत नाही. ऑस्ट्रेलियात मार्सिलियाचीच एक जात ‘नार्डू’ म्हणून खाल्ली जाते. १८६१ मध्ये कूपर क्रीकजवळ अडकलेले बर्क, विल्स आणि किंग हे प्रवासी तिच्या दाण्यांचं पीठ खात राहिले आणि खाऊनही खंगत गेले. बर्क आणि विल्स तिथेच मेले. किंगला यांद्रुवांधा लोकांनी सांभाळलं, म्हणून तो वाचला. या वनस्पतीत ब-१ जीवनसत्त्व मोडणारं एक द्रव्य असतं. यांद्रुवांधा लोकांची दाणे भाजून, दळून, पाण्याने धुऊन घ्यायची रीत होती. त्या पाहुण्यांनी ती पुरती उचलली नव्हती. त्यांच्या मरणाला हेही एक कारण असावं, असं अभ्यासक मानतात.

५. तरंगणारे दोघे

परत सुरुवातीच्या हिरव्या थराकडे येऊ. तो नेच्याचा असेल तर उमेदवार दोन.

अझोला नखाएवढा, त्रिकोणी, एकावर एक खवले रचल्यासारखा. खाली बारीक मुळं लोंबतात. कडक ऊन किंवा थंडी लागली की तांबूस होतो. त्याला शेवाळ म्हणण्यात थोडं तथ्य आहे : त्याच्या पानांतल्या पोकळ्यांमध्ये सूक्ष्म निळे-हिरवे जिवाणू राहतात, ज्यांना आपण नीलहरित शेवाळ म्हणत आलो. हवेतला नत्र वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात ते आणतात. म्हणून अझोला भातशेतीत खत म्हणून आणि गोठ्यात पूरक खाद्य म्हणून चालतो. पण ज्या घरात ते राहतात ते घर नेच्याचं आहे. अझोला पिनाटा ही जात इथली. टाक्यांत मात्र परदेशी जातीही वाढवल्या जातात, तेव्हा ‘अझोला म्हणजे देशी’ असा हिशेब करू नये.

दुसरा साल्व्हिनिया. जोडीजोडीने तरंगणारी, मधोमध दुमडलेली पानं. खाली मुळांचा झुपका दिसतो, पण तो मुळांचा नव्हेच; प्रत्येक जोडीचं तिसरं पान पाण्याखाली चिरफाळून दोऱ्या झालेलं असतं. साल्व्हिनियाला मूळ नसतंच. आता भिंगाने पानाचा वरचा पृष्ठभाग बघा. तिथे केसांचे झुपके असतात. काश्मीरच्या तळ्यांतल्या देशी साल्व्हिनियात, म्हणजे साल्व्हिनिया नॅटन्समध्ये, केसांची टोकं सुटी असतात. उपद्रवी परदेशी जातीत चार केस टोकाला पुन्हा जुळतात आणि मध्ये हवा कोंडून राहते. पान बुडवलं तरी कोरडं वर येतं ते यामुळे.

हा परदेशी साल्व्हिनिया मूळचा आग्नेय ब्राझीलचा. केरळात त्याला ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या सारणीच्या जलाशयावर तो पसरला, तेव्हा लोकांनी त्याला ‘चायनीज झालर’ म्हटलं. नको असलेल्या पाहुण्याचा पत्ता माणसं आपापल्या समजुतीने लिहितात! त्यात लोकांना हसायचं कारण नाही, कारण शास्त्रज्ञांनीही त्याचं नाव बरीच वर्षं चुकीचं लिहिलं होतं, आणि ती चूक जास्त महागात पडली.

१९३९ साली श्रीलंकेत ही वनस्पती अभ्यासासाठी आणली गेली आणि तिथून निसटली. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण बांधल्यावर १९५९ मध्ये ती नव्या जलाशयात दिसली. १९६२ पर्यंत तिने सुमारे १,००० चौरस किलोमीटर पाणी झाकलं होतं. तेव्हा तिला साल्व्हिनिया ऑरिक्युलेटा समजत. त्या जातीतही केस टोकाला जुळलेलेच असतात, म्हणून गल्लत झाली. तणाला रोखायचं तर त्याच्या मूळ देशातला, त्यालाच खाणारा कीटक आणावा, हा उपाय ठरलेला. म्हणून संशोधक दक्षिण अमेरिकेत ऑरिक्युलेटा जिथे होती तिथे गेले आणि तिच्यावरचे कीटक घेऊन आले. आफ्रिकेत सोडले, केरळातही सोडले. म्हणावा तसा परिणाम दिसला नाही.

१९७२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड मिचेल यांनी दाखवून दिलं की ही ऑरिक्युलेटा नाही, वेगळीच जात आहे. तिला त्यांनी साल्व्हिनिया मोलेस्टा हे नाव दिलं. आता शोधायची जागा बदलली. १९७८ मध्ये आग्नेय ब्राझीलमध्ये तिचं मूळ घर सापडलं आणि तिच्यावर एक बारकासा भुंगाही. १९८० मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला. सव्वा वर्षाच्या आत तलाव जवळजवळ मोकळा झाला. हा भुंगा आधीच्या प्रयोगांतल्या भुंग्याच्याच जातीचा, असं सुरुवातीला वाटलं होतं. तीही चूक ठरली. १९८५ मध्ये त्याला सिर्टोबेगस साल्व्हिनिए हे स्वतंत्र नाव मिळालं. पुढे हाच भुंगा केरळात उपयोगी पडला, आणि जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने सारणीलाही तोच सोडला.

हा भुंगा फुगीर देठांच्या जलपर्णीवर सोडून उपयोग नाही. तिचे कीटक वेगळे. म्हणून ‘आमच्या तळ्यात जलपर्णी झाली आहे, काय सोडू?’ या प्रश्नाला ‘फोटो पाठवा’ एवढंच उत्तर प्रामाणिक असतं.

६. अण्णा कोणाचे?

मग गावातली नावं टाकून द्यायची का? मला तसं वाटत नाही. घराघरात एक अण्णा असतात. वाड्यात ‘अण्णा आले’ म्हटलं की सगळ्यांना बरोबर कळतं, कोण आले ते. घोळ होतो तो तेच नाव घेऊन दुसऱ्या गावच्या पोस्टात गेल्यावर. वनस्पतींच्या बोलीतल्या नावांचं असंच आहे. ब्राह्मी घ्या. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून गोल पानांची, ओलीत पसरणारी वेल दाखवणारे पुष्कळ भेटतील. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात तिचं नाव मंडूकपर्णी. त्यातली ब्राह्मी म्हणजे लहान, मांसल पानांची, पांढरट-जांभळट फुलांची दुसरीच पाणथळ वनस्पती. मयूरशिखा म्हणून एकीकडे किल्ल्याच्या चिऱ्यांत वाढणारा पंख्यासारखा नेचा मिळतो, तर दुसरीकडे बागेतला लाल तुऱ्याचा कोंबडा.

यावरचा उपाय कोचीनच्या डच गव्हर्नराने तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी केला होता. मलबारच्या वनस्पतींवरच्या त्याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात निघाले. त्यात एकेका वनस्पतीच्या चित्रावर मल्याळीबरोबर नागरी लिपीतलं कोकणी नावही छापलं आहे. कोकणी नावांमागे रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन वैद्य होते. दोन्ही नावं आणि एक चित्र, म्हणजे भांडण मिटलं. पुढे शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनिअसने ही चित्रं भरपूर वापरली.

शास्त्रीय नाव म्हणजे जणू अण्णांचं आडनावासकट पूर्ण नाव. तेही बदलतं. जलपर्णीचं आयकॉर्निया अलीकडे पाँटेडेरिया झालं. मार्सिलियाच्या बाबतीत आपल्याकडच्या पुस्तकांत ‘क्वाड्रिफोलिया’ छापलेलं असतं, तेव्हा खाचरातली वनस्पती पुष्कळदा ‘मिनुटा’ असते. पण प्रत्येक शास्त्रीय नाव कुठल्या तरी संग्रहातल्या एका वाळवलेल्या नमुन्याला किंवा चित्राला बांधलेलं असतं. शंका आली तर तो नमुना काढून बघता येतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातला असा संग्रह वनस्पतिशास्त्रज्ञ एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाने आहे. त्यांनी डी’अल्मेडा यांच्यासह १९२२ मध्ये मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर स्वतंत्र पुस्तक काढलं.

७. गवतात लपलेला

एक नमुना उरला, आणि तो काटेकोर अर्थाने नेचाही नाही. नेच्यांचा दूरचा भाऊबंद आहे. पाचगणीच्या पठारावर किंवा कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात उथळ डबकी साचतात. त्यांच्यात हिरव्या, सुईसारख्या पात्यांचे झुबके असतात. लोक त्यांच्यावर पाय देऊन पुढे जातात, कारण ते गवत दिसतं. ते आयसोइटिस. पातं आडवं कापलं तर आत हवेच्या चार नळ्या दिसतात, आणि पात्याचं बूड पांढरट, पसरट असतं. बीजाणूंची पिशवी तिथे दडलेली असते. पात्याची कड, पेरं, ओंबी यांतलं काहीच नाही, म्हणून गवत नव्हे. यातल्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करायच्या तर बीजाणूंच्या पृष्ठभागावरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्र्यं. शं. महाबळे यांनी त्यातल्या एका जातीला सह्याद्रीचं नाव दिलं.